कोथापल्लीचे पाणलोट : संशोधन केंद्रातली मातीची शेती शिवारात कशी गेली

हैदराबादजवळ पटणचेरू इथे इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या आवारात काळ्या जमिनीवरचा एक प्रयोग १९७६ पासून चालू आहे. एका भागात त्या पट्ट्यातली जुनी पद्धत ठेवली आहे. पावसाळ्यात रान मोकळे ठेवायचे, अधूनमधून शेणखत टाकायचे आणि पाऊस सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. दुसऱ्या भागात रुंद वरंबा-सरी, पावसाच्या तोंडावर पेरलेले ज्वारी-तुरीसारखे आंतरपीक, सुधारित वाण आणि मोजून दिलेले खत. दीर्घकाळाची सरासरी काढली तर जुन्या पद्धतीत वर्षाला हेक्टरी १.१ टन धान्य निघाले आणि सुधारित पद्धतीत ५.१ टन. सुधारित भागातून मातीही कितीतरी कमी वाहून गेली.

इतका फरक डोळ्यांसमोर असताना आजूबाजूच्या गावांनी ही पद्धत उचलायला हवी होती. तसे झाले नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात तड्डनपल्लीला हीच पद्धत शेतकऱ्यांच्या रानात करून दाखवली गेली. पीक चांगले आले, पण तांत्रिक आणि आर्थिक आधार निघाल्यावर शेतकऱ्यांनी त्यातले सोयीचे तेवढे ठेवले आणि बाकीचे सोडून दिले. हैदराबादजवळच्याच कोथापल्ली या गावाचे प्रकरण समजून घ्यायचे तर आधी हे अपयश नीट पाहिले पाहिजे, कारण १९९९ मध्ये तिथे जी भागीदारी उभी राहिली तिची रचना यातूनच निघाली.

पद्धत का थांबली होती

पहिले कारण जमिनीच्या स्वभावात आहे. काळी जमीन सुकली की टणक होते आणि भेगाळते. भिजली की इतकी चिकट होते की बैल आणि अवजार दोन्ही अडतात. मशागतीला मिळणारा वाफसा थोड्या दिवसांचा असतो. म्हणून सुधारित पद्धतीत पावसाआधी धूळपेरणी करावी लागते. पहिल्या पावसानंतर पुढचा पाऊस लांबला तर बियाणे जाते आणि तो धोका पूर्णपणे शेतकऱ्याच्या डोक्यावर असतो.

दुसरे कारण बांधापलीकडचे आहे. रुंद वरंबा-सरीत एक वरंबा आणि एक सरी मिळून दीड मीटर रुंदी होते, त्यात सुमारे एक मीटरचा सपाट वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी. सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार द्यायचा, म्हणजे शंभर मीटरला चाळीस ते ऐंशी सेंटिमीटर. उतार याहून कमी पडला तर पाणी साचून तुरीची मुळे गुदमरतात. जास्त झाला तर सरीचीच ओघळ होते. पण या सरीतले पाणी शेवटी कुठेतरी सोडावे लागते आणि ती जागा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या रानात येते. गवत लावलेली पाण्याची वाट तीन-चार जणांच्या शेतांतून जाणार असेल तर एकट्या शेतकऱ्याला ही पद्धत करताच येत नाही. संशोधन केंद्रात सगळी जमीन एकाच मालकीची असल्याने हा प्रश्न तिथे कधी उभा राहिला नव्हता.

तिसरे कारण सरळ पैशाचे. बैलांनी ओढायचे चाकांचे बहुउद्देशीय अवजार, म्हणजे ट्रॉपिकल्टर, नांगरणी, वरंबे ओढणे, पेरणी आणि आंतरमशागत सगळे करते. पण दोन-तीन हेक्टरच्या धन्याला ते स्वतःचे घेणे परवडत नाही. आणि पूर्वीच्या प्रात्यक्षिकांत अवजार, बियाणे, खत आणून दिले जात असल्याने शेतकरी ते प्रात्यक्षिक पाहत होता, पण त्यात त्याचे स्वतःचे काही गुंतलेले नव्हते. आमच्या मते हे तिसरे कारण सगळ्यांत जास्त नडले.

गाव आणि निवड

कोथापल्ली हे रंगारेड्डी जिल्ह्यातल्या शंकरपल्ली मंडलातले गाव. तेव्हा आंध्र प्रदेशात होते, आता तेलंगणात आहे. हैदराबादपासून अंतर साधारण ४० किलोमीटर. पाणलोट ४६५ हेक्टरचे, त्यातले ४३० हेक्टर लागवडीखाली. जमीन बहुतांशी काळी, पण सगळीकडे खोल नाही. खोली ३० ते ९० सेंटिमीटर. पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला बहुतेक जून ते ऑक्टोबरमध्ये. ही खोली महत्त्वाची आहे. खोल काळ्या जमिनीत रब्बीचे पीक नुसत्या ओलीवर तगते. तीस-चाळीस सेंटिमीटरच्या मातीत तेवढी ओल मावतच नाही, आणि पावसाळ्यातले पीक सोडून दिले की वर्षच हातातून गेले.

गाव ठरवण्याआधी तीन पाणलोटांची पाहणी झाली. कोथापल्ली घेताना तीन गोष्टी पाहिल्या होत्या : जवळजवळ सगळी शेती कोरडवाहू आहे का, पाणी अडवण्याची कामे आधी झालेली नाहीत ना (नाहीतर फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही), आणि गावाला हे काम खरेच हवे आहे का. तिसरी अट मोजायला अवघड असली तरी तिची एक साधी पारख होती. खासगी शेतातल्या कामाचा खर्च शेतकरी स्वतः करणार, हे गावासमोर आधीच मांडले होते. त्यावर जे गाव पुढे येते त्याला खरोखर गरज असते.

कोणी काय आणले

भागीदार बरेच होते आणि प्रत्येकाचे काम वेगळे होते. इक्रिसॅटने जमीन, पाणी, खत आणि किडींवरचे तंत्र आणि मोजमाप सांभाळले. तिथल्या पाणलोट चमूचे नेतृत्व डॉ. सुहास वाणी करत होते. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कोरडवाहू पिकांचे काम पाहिले. राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीची आणि पिकाच्या आच्छादनाची नोंद ठेवली. जिल्हा प्रशासनाचा अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम बंधाऱ्यांचा निधी देत होता आणि संशोधनाच्या भागाला आशियाई विकास बँकेचे पाठबळ होते. एम. व्यंकटरंगय्या फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था गावात बैठका, गट आणि हिशेब पाहत होती. बालमजुरीविरोधी कामामुळे तिची जिल्ह्यात आधीपासून ओळख होती, तो विश्वास या कामाला आयता मिळाला. गावातून पाणलोट समिती, वापरकर्त्यांचे गट आणि बायकांचे बचत गट.

एवढ्या संस्था एका ४६५ हेक्टरच्या शिवारात उतरल्या की सर्वांत आधी बिघडते ते वेळापत्रक. सरकारी निधी आर्थिक वर्षाने चालतो, पेरणी पावसाने आणि संशोधकाचा अहवाल त्याच्या प्रकल्पाच्या मुदतीने. मार्चअखेर मंजूर झालेल्या बंधाऱ्याचे दगडकाम पावसाआधी पुरे झाले नाही तर अर्धवट भिंतीला वळसा घालून पाणी काठ खाते. म्हणून अशा भागीदारीत वर्षाचा आराखडा पेरणीच्या तारखेपासून मागे मोजत करावा. माती परीक्षणाचे निकाल पेरणीआधी महिनाभर हातात हवेत. त्यासाठी नमुने मागचे पीक निघाल्याबरोबर घ्यायचे.

पैशाचा नियम

सार्वजनिक जागेतली कामे, म्हणजे नाल्यातले बंधारे आणि ओघळी बांधणे, कार्यक्रमाच्या पैशातून झाली. पण ती ठेकेदाराला न देता वापरकर्त्यांच्या गटांनी केली. शेतातल्या कामाला मात्र फुकट काही नव्हते. बियाणे, खत, बांधबंदिस्तीची मजुरी शेतकऱ्याची. संस्थांकडून मिळणार होती ती माहिती, मोजमाप आणि अवजार वापरून पाहण्याची सोय.

हा नियम कठोर वाटतो आणि पहिल्या हंगामात त्यामुळे भाग घेणारे कमी होतात. पण त्याचा संशोधनाला थेट फायदा आहे. फुकट मिळालेले खत शेतकरी नीट टाकतो की नाही याची खात्री नसते. विकत घेतलेले खत तो मोजून टाकतो, आणि पीक आले नाही तर तक्रार घेऊन येतो. ती तक्रार म्हणजेच माहिती. प्रात्यक्षिकात गप्प बसणारा शेतकरी इथे विचारतो की वरच्या अर्ध्यात मका पिवळा का पडला. मग चालत जाऊन पाहिल्यावर कळते की तिथे माती तीस सेंटिमीटरच आहे.

नाल्यातली कामे

कामांची यादी पाहिली तर मोठे असे काहीच दिसत नाही, आणि तेच योग्य होते. १४ बंधारे, त्यांची साठवण ३०० ते २,००० घनमीटर. ओघळी बांधण्याची ९७ कामे. झिरपण्यासाठी ६० छोटे खड्डे, एक गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरलेला) बंधारा, पाणी वळवण्यासाठी ५०० मीटरचा बांध आणि ३८ हेक्टरवर शेतातली बांधबंदिस्ती. नाल्याकाठच्या कोरड्या पडलेल्या २८ विहिरींत वाहून जाणारे पाणी सोडण्याची सोय केली. शिवारातल्या ६२ विहिरींची पाणीपातळी नियमित मोजली जाऊ लागली.

ओघळीत अनगड दगडांचे बांध घालताना दोन चुका सगळीकडे होतात. पहिली अंतराची. खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत यायला हवेत. दोघांत उतार शिल्लक राहिला तर मधला तळ खरवडत राहतो आणि वरच्या बांधाचा पाया उघडा पडतो. दुसरी चूक माथ्याची. बांध मध्यभागी खोलगट आणि दोन्ही टोकांना उंच हवा, टोके काठात खोदून बसवलेली हवीत. माथा सरळ रेषेत ठेवला की पूर बाजूने वाट काढतो आणि पुढच्या पावसात बांध जागेवर उभा, ओघळ मात्र शेजारच्या शेतात. काळ्या मातीत हे लवकर होते, कारण उन्हाळ्यात काठाला भेगा पडतात आणि पहिले पाणी त्या भेगांतूनच आत शिरते.

विहीर पुनर्भरणात खरा शत्रू गाळ आहे. नाल्याचे पाणी थेट विहिरीत सोडले तर एक-दोन पावसाळ्यांत तळाचे झरे बुजतात. म्हणून आधी खड्डा, त्यात खाली मोठे दगड, वर खडी आणि सर्वांत वर वाळू. वाळूचा वरचा थर दर पावसाळ्याआधी खरवडून बदलायचा. पहिल्या एक-दोन जोरदार पावसांचे गढूळ पाणी विहिरीकडे वळवायचेच नाही. हे काम कोणाच्या नावावर आहे ते लिहून ठेवले नसेल तर वाळू बदलली जात नाही आणि तिसऱ्या वर्षी विहीर पुन्हा कोरडी दिसते. मग दोष तंत्राला दिला जातो.

मातीतली न दिसणारी कमतरता

कोथापल्लीत आणि नंतर आसपासच्या जिल्ह्यांतल्या पाणलोटांत माती तपासल्यावर जे दिसले ते या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वाटते. कोरडवाहू जमीन तहानलेली असते हे सगळ्यांना माहीत होते. ती गंधक, बोरॉन आणि जस्त यांनीही उपाशी असते हे शेताशेतातून नमुने घेतल्यावर कळले. कारण उघड आहे. वर्षानुवर्षे युरिया आणि डीएपीच पडत गेले. या दोन खतांतून नत्र आणि स्फुरद मिळते, पण गंधक, जस्त, बोरॉन नाही. पीक मात्र दरवर्षी तीनही उचलत राहिले आणि शेणखत कमी होत गेले.

नमुना घेण्याची पद्धत इथे नेमकी सांगायला हवी, कारण निम्म्या प्रयोगशाळा-अहवालांचा घोळ शेतातच झालेला असतो. पाणलोटाचे आधी तीन भाग पाडायचे : चढाचा, मधला आणि पायथ्याचा. प्रत्येक भागात जमीनधारणा आणि पीक पाहून शेते निवडायची, नाहीतर सगळे नमुने रस्त्याकडेच्या मोठ्या शेतांतून येतात. एका शेतात आठ-दहा ठिकाणी ० ते १५ सेंटिमीटर खोलीची माती घ्यायची. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याची जागा टाळायची. सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा मिसळायचे, असे अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवायचे.

आता नमुना कशाने खराब होतो ते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या बादलीत माती कालवली की जस्त जास्त दिसते, म्हणून प्लास्टिकची बादली. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरला की गंधकाचा आकडा खोटा. आणि प्रयोगशाळेत बोरॉन काढताना नेहमीची बोरोसिलिकेट काच वापरली तर काचेतलाच बोरॉन अर्कात उतरतो, त्यासाठी प्लास्टिकची भांडी लागतात. शेवटचा मुद्दा शेतकऱ्याच्या हातात नाही. प्रयोगशाळा निवडणाऱ्याने तो आधीच विचारून घ्यावा.

इक्रिसॅटच्या कामात वापरलेल्या मर्यादा अशा : उपलब्ध जस्त किलोला ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा कमी, बोरॉन ०.५८ पेक्षा कमी आणि गंधक ८ ते १० पेक्षा कमी असेल तर कमतरता धरायची. शिफारस हेक्टरी ३० किलो गंधक, १० किलो जस्त आणि ०.५ किलो बोरॉन. बाजारातल्या खतांत हे हेक्टरी २०० किलो जिप्सम, ५० किलो झिंक सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स होते. बोरॅक्सऐवजी वीस टक्के बोरॉनचे खत घेतले तर २.५ किलो पुरते.

मात्रा सोपी, टाकणे अवघड. पाच किलो बोरॅक्स एका हेक्टरवर म्हणजे दर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम, मिठाच्या चिमटीएवढा. तो नुसता फेकला तर एका जागी जास्त पडतो, आणि बोरॉनच्या बाबतीत पुरेसे आणि विषारी यांत अंतर फार थोडे आहे. जास्त पडलेल्या जागी कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि उगवण विरळ होते. म्हणून बोरॅक्स आधी चाळलेल्या कोरड्या मातीत किंवा बारीक शेणखतात मिसळायचे, निम्मे उभ्या दिशेने आणि निम्मे आडव्या दिशेने पसरायचे, आणि शेवटच्या कुळवणीने मातीत मिसळायचे. झिंक सल्फेट डीएपीच्या ढिगात कालवू नये. स्फुरदाशी मिळून जस्त न विरघळणारे होते आणि पिकाला लागत नाही. जस्त आणि बोरॉन एकदा दिले की दोन-तीन हंगाम उरतात. दरवर्षी पूर्ण मात्रा टाकणे हा खर्चाचा आणि बोरॉनच्या बाबतीत जमिनीचाही तोटा आहे.

याला जोड म्हणून बांधांवर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले गेले. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर लावलेल्या रोपांची कोवळी छाटणी पेरणीआधी आणि हंगामात रानात टाकायची. सातशे मीटर बांधावरच्या छाटणीतून वर्षाला साधारण ३० किलो नत्र मिळते. हे काम नीट चालले तिथे बांधही टिकले, कारण मुळांनी माती धरली. बिघडले तिथे कारण एकच : पहिल्या वर्षी जनावरांनी रोपे खाल्ली. बायकांच्या गटांनी गाजरगवत आणि पिकाचा काडीकचरा वापरून गांडूळखत सुरू केले. गाजरगवत फुलावर येण्याआधी कापायचे, नाहीतर बी खतातून रानात परत येते.

शेतातला प्रयोग शेतकऱ्याने कसा केला

प्रत्येक शेतकऱ्याचे रान एक प्रयोग आणि सगळी राने मिळून त्याच्या पुनरावृत्त्या, अशी ही रचना आहे. शेताचे दोन भाग करायचे. एकात त्याची नेहमीची पद्धत, दुसऱ्यात नवी. विभागणीची रेघ उताराच्या दिशेने वरून खाली जायला हवी, म्हणजे दोन्ही भागांना चढाची पातळ आणि पायथ्याची जाड माती सारखीच मिळते. आडवी रेघ मारली तर खालचा भाग काहीही न करता जिंकतो. कोणत्या भागात काय करायचे हे नाणे उडवून ठरवावे. शेतकऱ्यावर सोडले तर तो सद्भावनेनेच चांगला तुकडा नव्या पद्धतीला देतो आणि आकडा फुगतो.

कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून प्रत्येक भागात तीन ठिकाणी तीन बाय तीन मीटरचे चौकोन आखायचे. नऊ चौरस मीटरमधून एक किलो धान्य म्हणजे हेक्टरी १,१११ किलो. मक्याचे दाणे कापणीला ओलसर असतात, आणि खत मिळालेला मका कधीकधी उशिरा पक्व होतो. दोन्ही भागांचे ओले वजन तसेच लिहिले तर नव्या पद्धतीला काही टक्के फुकट मिळतात. वाळवून, ओलावा मोजून मगच वजन. ही शिस्त शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत पाळली की आकड्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास बसतो. नंतर कागदावर ओलावा दुरुस्त केला तर तो बसत नाही.

तुरीवरच्या घाटे अळीचे काम याच पद्धतीने गावात गेले. फुलोऱ्यानंतर तुरीच्या ओळीत कापड पसरून झाडे हलवायची, अळ्या कापडावर पडतात. त्यातल्याच अळ्यांवर एचएनपीव्ही हा घाटे अळीला मारणारा विषाणू वाढवून त्याचे द्रावण गावात तयार होऊ लागले. फवारणी हेक्टरी २५० अळी-तुल्य, म्हणजे २५० रोगट अळ्यांतून निघणाऱ्या विषाणूएवढी, आणि ती संध्याकाळीच, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. अळी मोठी झाल्यावर फवारले तर मरण्याआधी ती शेंगा खाऊन संपवते. लहान अळी दिसताच फवारणे हाच यातला कळीचा मुद्दा.

काय मोजले, काय मिळाले

पाणलोटाच्या दोन भागांच्या तोंडाशी वाहणाऱ्या पाण्याची पातळी आपोआप नोंदणारी यंत्रे आणि गाळाचे नमुने घेणारी यंत्रे बसवली. एका भागात कामे झालेली, दुसऱ्यात नाहीत. २००० मध्ये १,१६१ मिलिमीटर पाऊस झाला. काम न झालेल्या भागातून ११८ मिलिमीटर पाणी वाहून गेले, झालेल्या भागातून ६५. दर हेक्टरी हा फरक ५३० घनमीटरचा आहे. त्याच वर्षी मातीचा ऱ्हास न झालेल्या भागात हेक्टरी ४.१७ टन होता, झालेल्या भागात १.४६ टन. २००२ हे कोरडे वर्ष होते, पाऊस ४६४ मिलिमीटर. न झालेल्या भागातून १३ मिलिमीटर वाहिले, झालेल्या भागातून काहीच नाही. या दुसऱ्या आकड्याकडे पुढे परत यावे लागेल.

मक्याचे सरासरी उत्पादन कामाआधी हेक्टरी १.५ टन होते. कामानंतरच्या वर्षांत ते ३.२ ते ३.९ टनांच्या दरम्यान राहिले. हा फरक सगळा पाण्याचा किंवा सगळा मातीचा म्हणता येत नाही. त्यात वाण, खत, वेळेवर पेरणी, गंधक-बोरॉन-जस्त आणि तण काढणे सगळे मिसळलेले आहे. एकेका घटकाचा वाटा शेतातल्या जोड-प्रयोगांतून काढावा लागतो. पूर्ण पाणलोटाचा आकडा घेऊन बंधाऱ्याच्या नावावर टाकणे, ही अशा अहवालांतली सर्वांत नेहमीची लबाडी आहे.

मोजमापातही अडचणी येतात. पातळी नोंदणाऱ्या यंत्राच्या कुंडात गाळ साचला की पूर ओसरल्यावरही यंत्र उंच पातळी दाखवत राहते. मोठ्या पुरात पाणी मोजपट्टीच्या रचनेवरून वाहिले तर तो सर्वांत महत्त्वाचा दिवसच नोंदीतून निसटतो, आणि वर्षाच्या मातीच्या ऱ्हासातला मोठा हिस्सा अशा दोन-तीन दिवसांतच होतो. म्हणून दर मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी गाळ काढायला आणि पुराची खूण लिहायला गावातलाच माणूस नेमलेला हवा. शहरातून गाडी येईपर्यंत खूण पुसलेली असते.

जे सुटले नाही

पहिल्या काही वर्षांत कापसाचे क्षेत्र घटले आणि मका-तूर वाढली. जमिनीला हे मानवले. नंतर बीटी कापूस आला, विहिरींना पाणी होतेच, आणि कापूस परत पसरला, भाजीपालाही वाढला. पाणी अडवून मातीची काळजी घ्यायची आणि मग त्या पाण्यावर बाजार सांगेल ते पीक घ्यायचे, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण भागीदारीत बाजाराकडून कोणीच नव्हते. तुरीला हमखास भाव देणारा खरेदीदार पहिल्या दिवसापासून टेबलावर असता तर फेरपालट किती टिकली असती, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक प्रकल्पाने विचारायला हवा.

वाढलेले पाणी सगळ्यांना सारखे मिळाले नाही हेही तितकेच गंभीर. नाल्याजवळ विहीर असलेल्याला सर्वांत जास्त, चढावर विहीर नसलेल्याला ओल तेवढी, भूमिहीनाला मजुरी आणि गांडूळखताच्या गटातले उत्पन्न. भूजल सगळ्यांच्या शेतांखालून वाहते, पण उपसा मोटारवाला करतो. पाणी वाढण्याआधी उपशाचा नियम ठरला तर ठरतो. वाढल्यानंतर तो ठरवणे फार अवघड जाते, कारण तोवर कोणाच्या तरी हातचे काढून घ्यावे लागते.

आणि २००२ चा तो शून्य. कोथापल्लीचे पाणी मुसी नदीच्या खोऱ्यात, हैदराबादला पाणी देणाऱ्या उस्मानसागर जलाशयाकडे जाते. एका गावाने पाणी अडवल्याने जलाशयाला काही कळत नाही. पण हीच कामे सगळ्या पाणलोटात केली तर खाली जाणारे पाणी घटेल, विशेषतः कोरड्या वर्षी, हे नंतरच्या जलविज्ञानाच्या अभ्यासांनी दाखवले. वरच्या शेतकऱ्याला माती आणि ओल धरायचा पूर्ण हक्क आहे असे आमचे मत आहे, आणि जलाशयात गाळ कमी येतो हा खालच्यांचाही लाभ. तरी मोठ्या क्षेत्रावर जाण्याआधी खालचा वापरकर्ता भागीदारीत बसवला पाहिजे, कामे झाल्यावर नव्हे.

पुढे नेताना

२००९ मध्ये कर्नाटक सरकारने इक्रिसॅटबरोबर भूचेतना कार्यक्रम सुरू केला. त्यात कोथापल्लीतून सगळे बंधारे न नेता मातीचा भाग उचलला : नमुने, तालुकावार खत-शिफारस, गावातलेच प्रशिक्षित शेतकरी-मार्गदर्शक. जिप्सम, जस्त, बोरॉन यांवर अर्धी सवलत ठेवली. हा बदल समजण्याजोगा आहे. सूक्ष्म अन्नद्रव्याचा गुण शेतकऱ्याला एका हंगामात दिसतो, बंधाऱ्याला वर्षे लागतात. पण सवलतीबरोबर जुना धोका परत येतो : पोते उचलले जाते, रानात पडतेच असे नाही. त्यामुळे काही गावांत तरी वाटप आणि प्रत्यक्ष वापर वेगवेगळे मोजावे लागतात.

असे काम नव्याने उभे करणाऱ्यांनी करारात चार गोष्टी पैशाच्या रकमेआधी लिहाव्यात. माती परीक्षणाचा निकाल पेरणीआधी शेतकऱ्याच्या हातात देण्याची तारीख. प्रत्येक बंधाऱ्याचा गाळ काढणाऱ्या गटाचे नाव आणि त्याचा निधी कुठून येणार ते. नोंदी कोणाच्या मालकीच्या आणि गावाला त्यांची प्रत कोणत्या भाषेत मिळणार ते. आणि प्रकल्प संपल्यावर पाचव्या वर्षी त्याच शेतांतून, त्याच महिन्यात, त्याच खोलीवर पुन्हा नमुने घेण्याची तरतूद. त्यासाठी पहिल्या वर्षीच्या प्रत्येक नमुन्यातली पावशेर वाळलेली माती शेताच्या खुणेसह घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात जपून ठेवायची. पाच वर्षांत प्रयोगशाळा बदलते, अर्क काढण्याची रीत बदलते. जुनी आणि नवी माती एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासली तरच मधल्या काळात सेंद्रिय कर्ब वाढला की घटला ते सांगता येते.